पाळलेल्या सापाच्या घरातली ऊब: थर्मोस्टॅट, प्रोब आणि सुरक्षित तापमान

हीट मॅट, म्हणजे टाकीखाली लावायची विजेवर तापणारी पातळ चटई, आज घेऊ आणि ठरलेल्या तापमानाला तिची वीज आवरणारा थर्मोस्टॅट पुढच्या पगाराला, असं ठरवून साप घरी आणणारे पुष्कळ असतात. धोका नेमका त्या मधल्या दिवसांत असतो. थर्मोस्टॅटशिवाय थेट प्लगमध्ये लावलेली मॅट काचेचा तळ ४५-५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवू शकते, आणि चटका बसला की साप आपणहून बाजूला होईल या भरवशावर राहता येत नाही. पोटाखालचे खवले भाजत असतानाही साप तिथेच वेटोळं घालून बसलेला सापडतो. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या छोट्या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, मिट्ट काळोखातही त्याला उंदराच्या अंगाची ऊब कळते. तरीही सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे भाजलेले बॉल पायथन येत राहतात.

म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे. हीटर कुठल्या कंपनीचा, किती वॉटचा, हे नंतर पाहू. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला असलेला तापमान मोजणारा छोटा सेन्सर, कुठे बसवला आहे आणि तो तिथेच राहणार आहे का, हे आधी पाहायचं. थर्मोस्टॅटला फक्त प्रोबपाशी काय चाललंय ते कळतं. प्रोब सरकून थंड कोपऱ्यात जाऊन पडला, तर पिंजरा गार आहे असं समजून थर्मोस्टॅट हीटर चालूच ठेवतो. तापमापी टेबलावर ठेवून रुग्णाला ताप नाही म्हणावं, तशी ही चूक आहे.

उदाहरण म्हणून बॉल पायथन घेतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी साप आलाच, तर बहुधा हा येतो किंवा कॉर्न स्नेक. प्रौढ बॉल पायथनसाठी साधारण १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी धरली आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी कायद्याचं सांगायला हवं. नाग, धामण, आपला अजगर, मांडूळ, कुठलाही देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला असला, तरी तो सायटिस कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती परिवेश २.० या पोर्टलवर होते. कागदपत्रं नसलेला साप विकत घेऊ नका. पुढचं सगळं कायदेशीरपणे पाळलेल्या सापासाठी आहे.

आधी आकडे ठरवा

सापाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. पचन, प्रतिकारशक्ती, हालचाल हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. खाल्ल्यानंतर पुरेशी ऊब मिळाली नाही, तर पोटातला उंदीर पचण्याआधी सडायला लागतो आणि साप तो उलटून टाकतो. बराच काळ गारठ्यात राहिला तर श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. उलट, सबंध पेटी ३८-४० अंशांवर गेली तर काही तासांत मेंदूला इजा होऊ शकते किंवा जीवही जाऊ शकतो. थंडी हळूहळू आजारी पाडते, अतिउष्णतेत मात्र तेवढा वेळ मिळत नाही. निर्णय घेताना हा फरक लक्षात ठेवा.

बॉल पायथनसाठी उबदार टोकाला, साप जिथे अंग टेकवतो त्या पृष्ठभागावर, ३२ अंशांच्या आसपास तापमान ठेवा. थंड टोकाला २५ ते २७ हवं आणि रात्री कुठेही २४ च्या खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेकला थोडं कमी लागतं: उबदार जागी २९ ते ३१, थंड बाजूला २२ ते २४, आणि रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. अमेरिकेतली उपकरणं फॅरनहाइट दाखवतात, तिथे ३२ अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास ९० अंश.

सगळी पेटी एकसारखी ३० अंशांवर ठेवणं चूक आहे. सापाला सरकत जाऊन आपली जागा निवडता आली पाहिजे, म्हणून ऊब देणारं प्रत्येक साधन एकाच टोकाला, लांबीच्या एक तृतीयांश भागात ठेवायचं. दोन्ही टोकांना लपायला एकसारखी जागा द्या. बॉल पायथन बुजरा असतो. लपायची सोय फक्त गार बाजूला असेल, तर तो उपाशी आणि गार राहील, पण उघड्यावर येऊन ऊब घेणार नाही.

ऊब कशाने द्यायची

हीट मॅट स्वस्त आणि कमी वीज खाणारी असते. काचेच्या टाकीखाली ती चालते. लाकडी पेटीखाली मात्र लावू नका. लाकूड उष्णता वर जाऊ देत नाही आणि मॅट स्वतःच तापत राहते. काचेच्या टाकीलाही खाली छोटे पाय लावून हवेला फट ठेवावी, नाहीतर उष्णता अडकून काच तडकू शकते. मॅटने हवा फारशी गरम होत नाही. खोलीच १७-१८ अंशांवर असेल, तर नुसत्या मॅटवर बॉल पायथनचं भागत नाही. दुमडलेली किंवा चुरगळलेली मॅट सरळ फेकून द्या.

मोठ्या पेटीसाठी ऊब वरून द्यावी, हे माझं ठाम मत आहे. दिवसा हॅलोजनचा दिवा सर्वांत चांगला. सूर्यासारखा तोही प्रकाशासोबत अंगात खोलवर शिरणारी उष्णता देतो. रात्री उजेड नको असतो, तेव्हा सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर वापरतात. दोन्ही दिसायला बल्बसारखे, पण उजेड देत नाहीत. सिरॅमिक एमिटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाऊ शकतो, म्हणून त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो. प्लास्टिकचा होल्डर मऊ पडून वितळतो. एमिटरने हवाही कोरडी पडते, पाण्याचं भांडं जरा मोठं ठेवा. छताला चपटं बसणारं रेडियंट पॅनल महाग असतं, पण लाकडी पेटीसाठी उत्तम.

रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल-निळे दिवे घेऊ नका, सापाला तो उजेड दिसतो. आत ठेवायचे विजेवर तापणारे हीट रॉकही नकोत. ते असमान तापतात, आणि सापांच्या भाजण्याची ती जुनी, ओळखीची कारणं आहेत.

पेटीच्या आत कुठलाही दिवा किंवा एमिटर असेल, तर त्याभोवती जाळीचा गार्ड हवाच, आणि तो स्क्रूने बसवलेला हवा. बॉल पायथन वर चढत नाही हा गैरसमज आहे. तो चढतो, होल्डरच्या वायरला विळखा घालतो आणि तिथेच झोपतो. जाळी अंगठ्याएवढ्या अंतरावर असेल तर जाळीच चटका देते. गार्ड पुरेसा मोठा घ्या. हॅलोजन आणि सापाची पाठ यांत साधारण ३० सेंटिमीटर अंतर राहू द्या. हे अंतर जमिनीपासून मोजू नका. लपायच्या खोक्याच्या माथ्यावरून किंवा सर्वांत उंच फांदीवरून मोजा, कारण साप तिथवर पोचणारच.

थर्मोस्टॅटचे प्रकार

ऑन-ऑफ थर्मोस्टॅट ठरलेल्या आकड्यावर वीज तोडतो आणि खाली आलं की जोडतो. मॅटसाठी तो पुरतो. इंकबर्डसारखे स्वस्त डिजिटल थर्मोस्टॅट याच जातीचे. हॅलोजनला मात्र डिमिंग थर्मोस्टॅट लागतो, जो दिवा विझवण्याऐवजी मंद-तेज करतो. ऑन-ऑफवर हॅलोजन लावला तर तो दिवसभर लुकलुकत राहतो, सापाला त्रास होतो आणि दिवाही लवकर जातो. सिरॅमिक एमिटरला पल्स थर्मोस्टॅट चांगला, तो वीज छोट्या छोट्या टप्प्यांत देत राहतो. डीप हीट प्रोजेक्टर डिमिंग किंवा पल्स दोन्हींवर चालतो. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे अतिनील किरण देणारा दिवा, असेल तर ती थर्मोस्टॅटला जोडू नका. तिला वेगळा टायमर द्या, दिवसाला १२ तास.

एका थर्मोस्टॅटवर दोन पेट्या चालवायचा मोह होतो. प्रोब एकाच पेटीत असतो, दुसरी पेटी रामभरोसे राहते. प्रत्येक पेटीला स्वतंत्र थर्मोस्टॅट घ्या.

विजेचं काम

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून हीटर मागवू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडची आणि ब्रिटनमधली २३० ची. तारेच्या रोधावर तापणाऱ्या साध्या हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १२० व्होल्टसाठी बनवलेला ५० वॉटचा हीटर २३० वर जवळपास १८० वॉट ओढेल. तो लगेच जळाला तर नशीब चांगलं म्हणायचं. जळण्याआधी तो पेटी पेटवूही शकतो. उलट, इथला हीटर अमेरिकेत नेला तर पाव ताकदीने चालेल आणि साप गारठेल. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

ब्रिटनमधल्या तीन पिनी प्लगच्या आतच फ्यूज असतो. नव्या प्लगमध्ये पुष्कळदा १३ अँपिअरचा निघतो. सापाच्या हीटरला ३ अँपिअरचा पुरतो, तो ६९० वॉटपर्यंत चालतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे ना, ते पाहा. पेटीत पाणी असतं, आपण फवाराही मारतो, त्यामुळे ही चैन नव्हे, गरज आहे.

पेटीतून निघणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटऐवजी जमिनीवर पडेल. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. वायर आत घेण्याची भोकं गुळगुळीत करून बंद करा. बारक्या सापाचं डोकं गेलं की मागचं अंगही जातं. आर्द्रतेसाठी फवारताना पाणी तापलेल्या दिव्यावर जाऊ देऊ नका, हॅलोजनची काच तडकते. खोलीत धूरसूचक नसेल, तर साप येण्याआधी बसवा.

प्रोब बसवण्याची पद्धत

इथे घाई करू नका.

मॅट वापरत असाल, तर प्रोब मॅट आणि टाकीच्या काचेच्या मध्ये, बाहेरच्या बाजूने, मॅटच्या मधोमध बसवा. तिथे साप पोचत नाही, मूत्र लागत नाही, पाण्याचं भांडं उलटलं तरी फरक पडत नाही. प्रोब आत ठेवण्यात एक हमखास धोका आहे. साप त्याच्या खालून शिरून त्याला वर उचलतो, किंवा त्यावर ओलं करतो. ओला प्रोब गार पडतो आणि थर्मोस्टॅट हीटर आणखी चालवतो.

आता आकडा लावू. प्रोब बाहेर असल्यामुळे थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि आतल्या काचेचं तापमान सारखं नसतं. समजा थर्मोस्टॅट ३२ वर ठेवला. दोन-तीन तासांनी मॅटच्या वरची मोकळी काच ३०.५ दाखवते आणि तिथल्या बेडिंगच्या, म्हणजे तळाला पसरलेल्या भुशासारख्या थराच्या, वरचा भाग २८. बरेच जण बेडिंगचा आकडा पाहून थर्मोस्टॅट ३६-३७ वर नेतात, आणि साप भाजतो तो इथे. बॉल पायथन बेडिंग उकरून थेट काचेपर्यंत जातो आणि तिथेच पसरतो. म्हणून नेहमी बेडिंग हाताने बाजूला सारून उघडी काच मोजा. थर्मोस्टॅट एकेक अंशाने वाढवा, प्रत्येक वेळी दोन-तीन तास थांबा, आणि उघडी काच ३३ झाली की थांबा. वरचा थर अजून २९ च असेल, तर त्या जागी बेडिंगचा थर पातळ करा, आकडा वाढवू नका. जाड बेडिंग, सपाट दगड किंवा जड भांडं मॅटच्या वर ठेवलं, तर त्याखाली उष्णता साठत जाते. दगड गार बाजूला चांगला.

वरून ऊब देत असाल, तर प्रोब उबदार टोकाला, साप पसरतो त्या जागेच्या काठावर, त्याच्या पाठीच्या उंचीला बसवा. साधारण पाच ते आठ सेंटिमीटर उंची पुरे. भिंतीला किंवा फळीच्या कडेला वायर क्लिपने पक्की करा. प्रोब नुसता लोंबता ठेवला, तर साप अंग घासून त्याला दिव्यापासून दूर नेतो. प्रोब दिव्याच्या अगदी खाली प्रखर उजेडात असेल, तर तो हवेपेक्षा जास्त तापतो, थर्मोस्टॅट लवकर वीज कमी करतो आणि बाकीची पेटी गार राहते. थोडं इकडेतिकडे करून पाहावं लागतं, आणि बसवल्यानंतर लपायच्या खोक्याचा माथा, फांदी, मधला दगड असं सगळं वेगवेगळं मोजावं लागतं. त्यांपैकी एकही जागा ३५ च्या वर जाता कामा नये.

चिकटवायला सेलोटेप, इन्सुलेशन टेप किंवा कुठलीही चिकटपट्टी पेटीच्या आत वापरू नका. गरम झालेला गोंद सैल पडतो, पट्टी सुटते आणि सापाच्या अंगाला चिकटते. ती ओढून काढताना खवल्यांसकट कातडी निघते. वायर क्लिप, स्क्रू किंवा अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन वापरा. सिलिकॉन वाळायला आणि त्याचा आंबूस वास जायला दोन दिवस द्या.

मोजायची साधनं

थर्मोस्टॅटच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच्यापासून वेगळे दोन डिजिटल तापमापी हवेत, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला, आणि दोन्ही कमाल-किमान लक्षात ठेवणारे. रात्री तीन वाजता काय झालं हे त्यांच्यावरूनच कळतं. काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे तापमापी घेऊ नका, ते काही अंशांनी चुकतात आणि तेही काचेचं मोजतात.

इन्फ्रारेड गन पृष्ठभागासाठी उत्तम. फक्त तिने हवेचं तापमान कळत नाही, आणि बंद काचेतून आतलं मोजता येत नाही. काच इन्फ्रारेड अडवते, म्हणून गन काचेचंच तापमान दाखवते. दार उघडून मोजा. चकचकीत धातूवरही ती चुकते.

नवा तापमापी आणि थर्मोस्टॅटचा प्रोब दोन्ही आधी बर्फात तपासा. बर्फाचा चुरा ग्लासात भरा, त्याच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला, नीट ढवळा. पाणी जास्त झालं तर तळाचं तापमान वर जातं. जलरोधक प्रोब मधोमध धरा, ग्लासाला टेकू देऊ नका, आणि आकडा स्थिर होईपर्यंत काही मिनिटं थांबा. शून्याच्या आसपास एक अंशाचा फरक चालतो. जास्त फरक असेल आणि थर्मोस्टॅटमध्ये दुरुस्तीची सोय असेल, तर ती करून घ्या, नाहीतर बदलून घ्या. ही परीक्षा दर तीन-चार महिन्यांनी करावी.

साप येण्यापूर्वी

रिकामी पेटी निदान दोन दिवस, शक्य तर आठवडाभर चालवा. आत बेडिंग, पाण्याचं भांडं, लपायची खोकी, सगळं जिथल्या तिथे हवं. दुपारी उन्हाच्या वेळी आणि पहाटे घराचं हीटिंग बंद असताना कमाल-किमान लिहून ठेवा. ब्रिटनमधल्या घरात जानेवारीच्या पहाटे खोली १५ अंशांपर्यंत उतरू शकते. तेव्हा हीटर पूर्ण ताकदीने चालूनही उबदार टोक २८ च्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅटचा आकडा वाढवून काही होणार नाही. हीटर अपुरा आहे. खोली उबदार करा किंवा वॉट वाढवा.

वॉट मात्र गरजेपुरतेच घ्या. याचं कारण ऑन-ऑफ थर्मोस्टॅटच्या आत आहे. त्यातला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, दिवसभर उघडमीट करतो आणि जुना झाला की त्याचे संपर्क एकमेकांना चिकटून बसू शकतात. मग पडद्यावर आकडा बरोबर दिसतो, बंदचं चिन्हही दिसतं, पण वीज चालूच राहते. त्या दिवशी हीटर जेवढा मोठा, तेवढं नुकसान मोठं. वरून ऊब देणारा हीटर असेल, तर चाचणीच्या दिवसांत एकदा थर्मोस्टॅटचा आकडा मुद्दाम खूप वर नेऊन, समोर बसून राहून, पेटी कुठवर तापते ते पाहा. गार टोक ४० कडे जायला लागलं, तर बंद करा आणि कमी वॉटचा दिवा आणा. मॅटवर हा प्रयोग करू नका.

ज्यांना शक्य आहे त्यांनी दुसरा, राखीव थर्मोस्टॅटही लावावा. भिंतीच्या सॉकेटमध्ये आधी साधा ऑन-ऑफ, त्यात मुख्य थर्मोस्टॅट, आणि मुख्यात हीटर. हा क्रम उलटा करू नका. डिमिंग थर्मोस्टॅटमधून येणारी कापलेली वीज ऑन-ऑफला झेपत नाही. राखीव थर्मोस्टॅट मुख्यापेक्षा तीन अंश वर लावा आणि त्याचा प्रोब मुख्य प्रोबपासून वेगळ्या क्लिपने बसवा. हर्पस्टॅटसारख्या काही महागड्या थर्मोस्टॅटमध्ये प्रोब निघाला तर वीज तोडण्याची सोय असते. स्वस्तात असं काही नसतं, म्हणून विकत घेताना विचारा: प्रोब उपटला गेला तर हे यंत्र काय करतं?

रोज सकाळी दोन्ही टोकांचे कमाल-किमान पाहून ते पुसायचे. आठवड्यातून एकदा प्लगला हात लावून पाहा. कोमट ठीक, गरम असेल तर बदला. महिन्यातून एकदा मॅट आणि होल्डरवर तपकिरी डाग किंवा जळका वास आहे का ते तपासा.

उन्हाळा आणि वीज जाणं

थर्मोस्टॅट ऊब थांबवू शकतो, गारवा देऊ शकत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ३८ वर असते, तिथे सापाला सरकून जायला गार जागा उरत नाही. इंग्लंडलाही हे आता परकं नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, आणि तिथल्या बहुतेक घरांत एसी नसतो. पेटी वरच्या मजल्यावरून खाली, उत्तरेकडच्या खोलीत न्या. जमिनीलगत हवा गार असते. जाळीचं झाकण असेल तर त्याच्या अर्ध्या भागावर ओला पंचा टाका. बाटलीत बर्फ करून, फडक्यात गुंडाळून, गार टोकाला पेटीच्या बाहेरून टेकवा. कूलर खोलीत चालवा, पण झोत पेटीवर नको. सूर्यप्रकाश थेट काचेच्या टाकीवर कधीच पडू देऊ नका, अगदी हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हातही. बंद काच मिनिटांत तापते.

वीज गेली तर निरोगी प्रौढ साप काही तास सहज काढतो. पेटीभोवती गोधडी गुंडाळा, हवेच्या फटी मोकळ्या ठेवा. गारठा फार असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेरून लावा. तासातासाने बदलावी लागते. नुकतंच खाल्लेल्या सापाला ऊब लवकर मिळायला हवी, आणि वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी खायला घालू नये. इन्व्हर्टर असेल तर १५-२० वॉटची मॅट त्यावर रात्रभर निघते, पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर डिमिंग थर्मोस्टॅट नीट चालेलच असं नाही, आधी करून पाहा. वीज परत आल्यावर थर्मोस्टॅटचा आकडा बदललेला नाही ना, ते बघा. काही डिजिटल थर्मोस्टॅट वीज गेल्यावर जुना आकडा विसरतात.

भाजला किंवा फार तापला तर

सतत गार टोकाला पडून राहणं, पाण्याच्या भांड्यात बसून राहणं, काचेला तोंड घासत फिरणं, ही उष्णता जास्त झाल्याची चिन्हं असू शकतात. पाण्यात बसण्यामागे अंगावरच्या बारीक गोचिडीही असू शकतात, म्हणून खवल्यांखाली काळे ठिपके शोधा. दिवसेंदिवस उबदार टोक न सोडणारा साप बहुधा गारठलेला असतो. तोंड उघडून श्वास घेणं, घरघर, नाकातून बुडबुडे दिसले, तर डॉक्टर गाठा. नुसतं तापमान वाढवून ते बरं होत नाही.

भाजल्याची खूण सुरुवातीला फसवी असते. पोटाखालचे रुंद खवले आधी गुलाबी-लालसर दिसतात, कडा किंचित वर येतात. दोन-तीन दिवसांनी फोड, तपकिरी डाग, ओलसरपणा दिसतो, आणि जखम किती खोल आहे ते तेव्हाच कळतं. म्हणून महिन्यातून एकदोनदा सापाला हातावर घेऊन पोट उजेडात नीट पाहा.

भाजला असेल तर हीटर बंद करा आणि भाजलेला भाग दहा मिनिटं साध्या, थंडसर पाण्यात ठेवा. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, घरातलं कुठलंही मलम लावू नका. बेडिंग काढून आत पांढरे किचन पेपर पसरा, म्हणजे जखमेत कचरा जाणार नाही. पाण्याचं भांडं फक्त पिण्यापुरतं ठेवा. त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या, आणि त्यांचा नंबर आधीच शोधून ठेवा. बरं व्हायला बऱ्याच काती लागतात.

सबंध साप तापून लुळा पडला असेल, तर त्याला लगेच गार खोलीत, सुमारे २५ अंशांच्या उथळ पाण्यात ठेवा, डोकं पाण्याबाहेर धरून. तो शुद्धीवर आला तरी डॉक्टरकडे न्या. गारठलेल्या सापाला उलट हळूहळू, काही तासांत उबेवर आणा आणि त्या दिवशी खायला देऊ नका.

बाहेरगावी जाताना

शेजाऱ्यांना किंवा मित्राला पेटी सोपवून जाणार असाल, तर एका कागदावर मोठ्या अक्षरात चार गोष्टी लिहून पेटीवर लावा: उबदार टोकाचा नेहमीचा आकडा, गार टोकाचा नेहमीचा आकडा, काय दिसलं तर फोन करायचा, आणि हीटरचा प्लग कुठला. त्या प्लगला लाल रिबीन बांधा. उबदार टोक ३६ च्या वर दिसलं तर विचारत बसू नका, आधी तो प्लग काढा आणि मग फोन करा, असं स्पष्ट लिहा. जाण्याआधी त्यांच्याकडून एकदा तो प्लग काढून, परत लावून घ्या. आणि तुम्ही नसताना सापाला खायला घालायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहा.